उलटे आटे : एका जीपच्या पुढच्या पाट्यांचा इतिहास

दिवाळीच्या सुट्टीतला पहिला दिवस मी एका नटावर उभं राहून घालवला. अक्षरशः उभं राहून. पान्याला चार फुटी पाइप लावला, त्यावर दोन्ही पाय दिले, उड्या मारल्या. आदल्या रात्री नटावर डिझेल सोडून ठेवलं होतं, तेही उपयोगी पडलं नाही. जीपचं डावं पुढचं चाक, त्याचे पाच नट, आणि पाचही ढिम्म.

तात्या शेडच्या दारात बाजेवर बसून चहा पीत होते. वय पंच्याहत्तरच्या आसपास. पन्नास वर्षं त्यांनी आमच्या भागातल्या जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. चहा संपेपर्यंत त्यांनी माझा तमाशा बघून घेतला. मग बशी खाली ठेवली.

"आरं लेका, डाव्या बाजूचा नट हाय त्यो. उलट्या आट्याचा. सकाळधरनं तू त्यो सोडवत न्हाईस, आवळायलायस."

जुन्या जीपच्या उजव्या चाकांचे नट नेहमीसारखे सुटतात, डाव्या चाकांचे उलटे. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय. 'लेफ्ट-हँड थ्रेड' हा शब्द मी इंजिनिअरिंगच्या पेपरात दोन मार्कांसाठी लिहिला होता. तो खरोखर असतो हे मला त्या दिवशी कळलं. पाइप दुसऱ्या बाजूला फिरवला. नट कर्रकन ओरडला आणि सुटला.

पुढचे नऊ दिवस हेच होत राहिलं. प्रत्येक सुट्या भागामागे कुणाचा तरी विचार होता, आणि तो कळेपर्यंत मी उलट्या दिशेने जोर लावत होतो.

गाडी आणि अट

आमचं गाव वाळवा तालुक्यात. गाडी आजोबांची, म्हणजे आबांची. महिंद्राची सीजे-थ्री-बी, आमच्याकडे नुसतं 'थ्रीबी' म्हणतात. आबांनी ती ऐंशीच्या दशकात सरकारी लिलावात घेतली. तेव्हाच ती एका खात्यात झिजून आलेली होती. त्यानंतर तिने उसाचं बेणं, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं आणि अडलेल्या बाळंतिणी वाहिल्या. आबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती शेडमध्ये, डाव्या बाजूला झुकून उभी होती.

माझे चुलते अण्णा व्यवहारी माणूस. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. आमच्या गाडीची मुदत संपलेली. त्यात चाळीसच्या वर वेग गेला की स्टिअरिंग थरथरायचं, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. अशा गाडीला पास कोण करणार? अण्णांनी भंगारवाला ठरवून टाकला होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड सांभाळणं हे माझं काम. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही, पण यंत्रणा चालू आहे आणि हात लावायची सगळ्यांना भीती. आबांची जीप मला तशीच वाटली. मी अण्णांना म्हणालो, "पुढचा भाग मी घरी खोलतो. सगळं नीट केलं तर?"

"सुट्टी संपायच्या आत सरळ चालवून दाखव," अण्णा म्हणाले. "न्हाईतर सोमवारी भंगारवाला येणार."

एकोणपन्नास दिवस

जीपचा पुढचा भाग समजून घ्यायचा तर १९४० सालच्या अमेरिकेत जावं लागतं.

युरोपात युद्ध पेटलं होतं. अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी टेहळणीची गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारणा केली आणि अट घातली की नमुना ४९ दिवसांत हवा. बहुतेकांनी हात वर केले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या, जवळपास बुडालेल्या कंपनीने हे आव्हान घेतलं. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरने दोन-तीन दिवसांत आराखडा उभा केला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर पोचली. बँटमची क्षमता लहान, म्हणून पुढे मुख्य काम विलीज आणि फोर्ड यांना मिळालं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या.

इतक्या घाईत नवा शोध लावायला वेळ कुणाला होता? पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतील अशी रचना तेव्हाच्या मोटारींमध्ये आली होती. जीपमध्ये ती घेतली नाही. घोडागाडीपासून चालत आलेला कमानपाटाच घेतला. लंडनच्या ओबडाया एलियटने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे १९४० मध्येही ही युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी होती.

पण लढाईच्या मैदानात जुनं असणं हाच तिचा गुण ठरला. एक अखंड आस, त्याला दोन्ही बाजूंनी पाटे, वर यू-बोल्टची मिठी. तुटलं तर काय तुटलं ते डोळ्यांना दिसतं. चार पाने आणि एक हातोडा असला की चिखलात बसून बदलता येतं.

तरी त्यात बारकावे होते. ब्रेक मारला की आसाला पीळ बसतो, पाटा वाकडा होतो आणि त्याचा ओढा स्टिअरिंगपर्यंत जातो. म्हणून युद्धातल्या जीपला पुढे चालकाच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या पाट्याखाली एक जादा आखूड पाटा बसवू लागले. काही शॅकलच्या एका टोकाला उलटे आटे ठेवले, आणि ते ओळखता यावेत म्हणून बुशच्या डोक्याभोवती खाच पाडली. लाखो गाड्या काढायच्या घाईतही कुणीतरी पुढे कधीतरी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केला होता.

माझगाव ते पंचायत समिती

१९४५ मध्ये लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. दोन महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा सुट्या भागांतून जोडायला सुरुवात झाली होती.

तेव्हा जीप ही किती निकडीची गोष्ट होती याचा पुरावा म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा. तो जीपांचाच. १९४८ मध्ये लंडनमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन उच्चायुक्त असताना लष्करासाठी सुमारे ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार झाला, आणि हातात आल्या फक्त १५५.

आमची थ्रीबी १९५३ मध्ये अमेरिकेत आलेल्या मॉडेलची. त्या वर्षी विलीजने जीपमध्ये नवं, उंच इंजिन बसवलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. दिसायला बेढब झाली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. इकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली.

आपल्या भागात जीप आली ती सरकारबरोबर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी ठरून गेली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्रात जन्मलेले आणि कराडचे. पाटण तालुक्यात कोयना धरणाचं काम चालू होतं. सांगलीच्या बाजूला सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. या सगळ्यांना जिथे डांबर नाही तिथे जाणारी गाडी हवी होती. गावात धुरळा उठला की पोरं 'जीपडं आलं' म्हणून धावायची, असं आबा सांगायचे. जीप म्हणजे साहेब. तीच गाडी झिजली, लिलावात निघाली आणि शेतकऱ्याच्या दारात आली. आमच्याकडे आली ती अशीच.

पाटे उतरवताना

दुसऱ्या दिवशी चेसिस घोड्यांवर घेतली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा तात्यांचा पहिला नियम. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

यू-बोल्टचे नट छन्नीने कापावे लागले. डावा पाटा खाली आला आणि ब्रेकला गाडी का ओढत होती ते कळलं. सगळ्या पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला होता. त्याच्या डोक्यामुळे आस आपल्या जागी राहतो. बोल्ट गेला, त्यात यू-बोल्टही सैल, त्यामुळे डावीकडे आस बोटभर मागे सरकलेला. गाडी इतकी वर्षं थोडी तिरपी चालत होती आणि आबा स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ती सरळ ठेवत होते. आम्हाला वाटायचं, ती त्यांची बसायची पद्धत आहे.

पाटे सुटे करण्याआधी दोन बाजूंना शिकंजे लावले. दाबलेला पाटा मोकळा सुटला तर हाड मोडतो. मग एकेक पाटा वेगळा केला. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या, सगळ्यांत वरचा मेन पाटा दोन्ही टोकांना डोळे असलेला, खाली खाली आखूड होत जाणारे बाकीचे. एकच जाड पट्टी का नाही घालत? कारण जाड पट्टी वाकत नाही, मोडते. पातळ पट्ट्या एकमेकींवर घसरत वाकतात, भार वाटून घेतात आणि घसरताना होणाऱ्या घर्षणाने धक्काही थोडा जिरवतात. ताण तितका जोर, हा रॉबर्ट हूकचा १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेला नियम मी पाठ केला होता. पण गंजाने पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की हूक काही करू शकत नाही. नऊ पाट्यांची मिळून एक ताठ फळी होते. आमची तशीच झाली होती.

वायर ब्रशने गंज काढताना डाव्या बाजूचा चौथा पाटा वेगळा दिसला. बाकीच्यांची टोकं कारखान्यात कापलेली, सरळ. याची टोकं ठोकून उतरती केलेली. पृष्ठभागावर हातोड्याचे पुसट घाव.

"ह्यो रामोशाच्या माळावरल्या लोहारानं केलेला," तात्या म्हणाले. "पाटा मोडला तवा हंगाम चालू. सांगलीत मिळंना, कराडात मिळंना. ट्रकचा मोडका पाटा आणला, रात्री भट्टी पेटवली. मी भाता मारत होतो. सकाळी गाडी कारखान्याला."

चाळीस वर्षं तो पाटा वाकत होता.

हात कुठून आले

रात्री मला झोप येईना. अमेरिकेत ४९ दिवसांत जन्मलेली गाडी आमच्या माळावर एका रात्रीत दुरुस्त होते, हे कसं जमलं?

मला सापडलेलं उत्तर रेल्वेच्या रुळाला धरून आहे. पुणे-मिरज मार्गावर सातारा रोड, कराड आणि किर्लोस्करवाडी ही स्टेशनं लागतात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, तिथल्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. आधी लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. लोखंडाने जमीन नासते असं समजून शेतकरी सुरुवातीला नांगर घ्यायला तयार नव्हते. कराड स्टेशनजवळ ओगलेवाडीत १९१६ पासून ओगल्यांचा काचकारखाना, जिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. सातारा रोडला १९२२ पासून धनजीशा कूपर यांचा कारखाना, तिथेही नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.

तेव्हा सातारा आणि आजचा बराचसा सांगली हा एकच जिल्हा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे जीप या भागात आली तेव्हा एका जिल्ह्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी ओतकाम, कातकाम आणि फिटिंग पाहिलेलं होतं. कारखान्यात काम केलेला माणूस गावी परत यायचा, विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायचा आणि आजूबाजूची पोरं बघून शिकायची. तात्यांचे गुरू असेच, कारखान्यातून बाहेर पडलेले एक फिटर. लोहाराला तापलेल्या पोलादाचा रंग कळत होता, फिटरला माप कळत होतं. जीप दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

म्हणून मला वाटतं, जीप या भागात टिकली ती फक्त दणकट होती म्हणून नाही. ती उघडून बघता येत होती आणि उघडून बघणारे हात इथे आधीच तयार होते. पुढे वडाप आलं. आतमध्ये दहा, मागे लटकलेले चार आणि टपावर भाजीची पाटी, असा भार पाट्यांनी पेलला. दर महिन्या-दोन महिन्याला कुणाचा तरी पाटा मोडायचा. त्या मोडण्यावर कितीतरी गॅरेजं जगली.

चिरेचा प्रश्न

चौथ्या दिवशी लोहाराच्या पाट्यावर, सेंटर बोल्टच्या भोकापाशी, केसाएवढी रेघ दिसली. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड घासली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटली. चीर होती.

मला तो पाटा ठेवायचा होता. इतिहासाचा एवढा एक तुकडा हाताला लागलेला. वेल्डिंग करता येईल का, असं मी विचारलं.

तात्या पहिल्यांदा रागावले. "पाट्याला वेल्डिंग करत न्हाईत. उष्णतेनं त्याचा जीवच जातो. आठवण पायजे तर भिंतीला टांग. गाडीत घालून अण्णाला खड्ड्यात घालू नगंस."

पाचव्या दिवशी मी कराडला आणि सातव्या दिवशी कोल्हापुरात भाग शोधत फिरलो. पाटा मिळाला, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकल आणि बुश मिळाले. बाकीच्या पाट्यांना कमान देऊन आणली. किंगपिनची बेअरिंगं बदलली. जुन्यांच्या वाटीत रोलरनी खळगे पाडले होते, आणि स्टिअरिंगच्या थरथरीचं मूळ बहुतेक तेच. किंगपिनवर पातळ चकत्या घालून घट्टपणा जमवायचा असतो. एक चकती जास्त झाली तर सैल, एक कमी झाली तर जड. तात्यांनी हाताने हलवून सांगितलं, एक काढ. मी स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं. काट्याने तेच सांगितलं. मला थोडा रागच आला.

मग पट्ट्यांमध्ये ग्रीस, नवा सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आडवेतिडवे एकाआड एक आवळत नेले. शेवटी डावं चाक. नट उलट्या दिशेने फिरवताना या वेळी विचार करावा लागला नाही.

रविवार

संध्याकाळी अण्णा शेजारी बसले. कारखान्याच्या रस्त्याला गाडी काढली. चाळीस. पंचेचाळीस. स्टिअरिंग शांत. ब्रेक मारला, सरळ थांबली. अण्णा काही बोलले नाहीत. परतताना म्हणाले, "आता मी चालवतो."

बसल्याबरोबर त्यांनी स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरलं. आबा धरायचे तसं. गाडी उजवीकडे जायला लागली. त्यांनी दचकून सरळ केलं आणि मग बराच वेळ समोर बघत राहिले.

सोमवारी भंगारवाल्याला फोन गेला, येऊ नको म्हणून. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पास होईल की नाही ते तेव्हा कळेल. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, तेवढं अण्णांना लिहून दिलंय.

लोहाराचा पाटा मी भिंतीला टांगणार होतो. पण पुण्याला निघताना तासगाव रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल दिसलं. नवरा भट्टीतलं लोखंड फिरवत होता, बायको घण मारत होती. त्यांच्यासमोर विळे, खुरपी आणि कोयते मांडलेले होते. उसाचा कोयता गाडीच्या पाट्याचाच लागतो, गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. मी पाटा पुढे केला. बाईंनी तो उचलून नखाने वाजवला, चीर बघितली, तेवढा तुकडा बाजूला पाडू म्हणाल्या.

दोन खुरपी झाली. पाण्यात बुडवताना चर्र आवाज आला. एक तात्यांकडे दिलं, एक आईकडे. आई म्हणाली, धार चांगली धरतंय.